सासूबाईंच्या खड्याची पारख

...आणि वर तिनं मलाच विचारावं, "कशासाठी हवंय?" अहो, कशासाठी म्हणजे काय! अंगठी आहे, अंगठीत लाल खडा आहे, तो पारखून किंमत सांगणं हा तुमचा व्यवसाय आहे, फोन मी केलाय, फी मी देणार आहे, मग कशासाठी काय कशासाठी? तुम्हाला सांगतो, पोट दुखतंय म्हणून डॉक्टरकडे गेलात आणि त्यानं विचारलं, "पोट कशासाठी हवंय?" तर कसं वाटेल? तसं वाटलं मला!

पण रत्नपारखी बाई एकदम शांत. "साहेब, विमा काढायचा असेल तर किंमत वेगळी. विकायचं असेल तर वेगळी, ती कमीच येते. भावाबहिणींत वाटणी असेल तर आणखी वेगळी. खडा तोच, किमती निरनिराळ्या. म्हणून विचारते, कशासाठी हवंय?"

आता मला काय ठाऊक! अंगठी माझी थोडीच? अंगठी सासूबाईंची. सासऱ्यांनी लग्नानंतर हौसेनं केलेली, माणकाची. सासरे जाऊन आता बराच काळ लोटला, सासूबाई आमच्याकडेच असतात. आणि परवा जेवताना ताटातून मान वर न करता म्हणाल्या, "जावईबापू, ही अंगठी एकदा चांगल्या माणसाला दाखवून आणू या." बस्स! पुढं काही नाही, लगेच आमटी वाढायला लागल्या.

मी हिला विचारलं. ही म्हणजे माझी बायको, त्यांची थोरली लेक. ती कुजबुजली, "वाटणीचं असेल. आईनं काहीतरी मनात घेतलंय." म्हटलं, मग तू विचार की! "मी? मी विचारलं तर म्हणेल, लेकीचा डोळा आहे अंगठीवर. तुम्ही विचारा." म्हणजे जावयाचा डोळा असला तर चालतो! पण विचारलं. "आई, त्या बाई म्हणतायत, कशासाठी हवंय?" सासूबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. "तिथं गेल्यावर सांगेन."

गेलो. एवढीशी खोली, टेबलावर पांढरा दिवा, सूक्ष्मदर्शक, तराजू काचेच्या पेटीत... मी आपला व्यवहाराचा माणूस, आधीच विचारून घेतलं, किमतीच्या किती टक्के घेता? "टक्के नाहीत. कामाचे आणि वेळेचे पैसे. टक्क्यांवर पारखणारा भेटला तर उठून या, तो किंमत फुगवणार." बरं, आणि खडा तुम्हालाच आवडला तर? "मी विकत घेत नाही. पारखता पारखता 'मीच घेतो' म्हणणारा भेटला तरी उठून या." इतकं उठून यायला सांगत होती की मी खुर्चीच्या कडेवरच बसलो!

मग ती सासूबाईंकडे वळली. "अंगठी तुमच्या डोळ्यांसमोरच राहील, आजी. आता सांगा, कशासाठी हवंय?"

"जावईबापू, तुम्ही जरा बाहेर बसा."

उठलो. दारापर्यंत गेलो, तर मागून आवाज, "नको... बसा. कुणीतरी घरातलं ऐकायला हवं."

आणि तुम्हाला सांगतो, त्या माउलीनं जे सांगितलं ते ऐकून माझी बडबड तिथल्या तिथं थांबली. माझा मेहुणा, त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याचा विषय निघाला की सासूबाईंना स्वयंपाकघरात काहीतरी काम आठवायचं. आम्हाला वाटायचं, सुनेशी पटत नसेल.

"बोटं सुजायला लागली तेव्हा अंगठी मोठी करून आणायला त्याच्याकडे दिली होती," त्या म्हणाल्या. "तेव्हा त्याचं दुकान बुडत होतं. अंगठी फार उशिरा परत आली. पुढं एका सोनाराला सहज दाखवली, तर तो म्हणाला, आजी, खडा खरा नाही. मी कुणाला बोलले नाही. त्यालाही नाही. पण त्याच्या घरी माझं पाऊल वळेना. मला किंमत नको, बाई. खडा तोच आहे की बदललाय, एवढंच सांगा."

बाईनं अंगठी दिव्याखाली धरली. "खडा काय आहे ते मी नक्की सांगेन. पूर्वी काय होता, ते कळेलच असं नाही. कळलं नाही तर तसं सांगेन. फी मात्र लागेल."

"लागू दे," सासूबाई म्हणाल्या. हो, लागू दे! देणारा मी!

मग ती सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बसली. अंगठी अशी फिरव, तशी फिरव... सासूबाईंची नजर तिच्या बोटांवर, माझी सासूबाईंवर.

"खडा खाणीतला नाही," शेवटी ती म्हणाली. "कारखान्यात बनवलेला आहे. आत वाकड्या रेषा आहेत, बारीक बुडबुडे आहेत. सोनार बरोबर बोलला." सासूबाईंनी डोळे मिटले. "पण आजी, इकडे बघा. खाली पट्टीला जोड आहे, म्हणजे अंगठी वाढवलीय. वर खड्याला धरून ठेवणाऱ्या या नख्या मात्र कुणी उचललेल्या नाहीत. नखीवरचा ओरखडा सरळ पुढं खड्यावर गेलाय. दोघं एकत्रच झिजलेत, फार वर्षं. अंगठी मोठी केली त्याच्याही आधीपासून हाच खडा यात आहे."

"म्हणजे त्यानं नाही केलं?"

"कुणीच नाही केलं."

तुम्हाला सांगतो, माणिक खोटं निघालं म्हणून इतकं खूश झालेलं गिऱ्हाईक त्या बाईनं कधी पाहिलं नसेल! सासूबाई हसत होत्या आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी पैसे दिले. घासाघीस केली नाही. मी!

"गाडी त्याच्या घरी घ्या."

मेहुण्यानं दार उघडलं, अर्धी दाढी झालेली, गालाला साबण. आईला बघून जागच्या जागी थिजला. सासूबाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "खडा पहिल्यापासूनच खोटा होता. आज कळलं."

त्यानं हातानंच गालाचा साबण पुसला. मग म्हणाला, "तुला काय वाटतंय ते मला माहीत होतं, आई."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर पटलं असतं तुला?"

इथं कुणीही खोटं बोललं असतं हो! मी तर नक्कीच. सासूबाई म्हणाल्या, "नसतं पटलं." आणि चप्पल काढून आत गेल्या, सुनेला विचारलं, "जेवायला काय केलंयस?" मेहुणा डोळे चोळत उभा. साबण गेला म्हणाला डोळ्यांत. मी म्हटलं, जातो कधी कधी.

संध्याकाळी परतताना सासूबाई गाडीत अंगठी बोटावर फिरवत होत्या. मग एकदम, "जावईबापू, ह्यांना ठाऊक असेल हो? खडा खोटा आहे ते? की ह्यांनाच कुणी फसवलं?"

मी म्हटलं, आई, ते असताना विचारायला हवं होतं.

"छे," सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "विचारलं असतं तर ह्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं असतं."