धाकटा मंत्री

(महाळुंगे पडवळ. सत्काराच्या मांडवाचं तोंड. परराष्ट्र राज्यमंत्री बाजीराव नुकतेच गाडीतून उतरलेत. समोर औक्षणाचं ताट घेऊन स्नेहल. बाजूला कार्यकर्ता पप्पू.)

स्नेहल : तुमच्या त्या दिल्लीनं माझा नवरा परक्या मुलखात टाकून दिलाय. जित्ता हाय का मेला, एवढंबी सांगंना झालीय.

पप्पू : वहिनी, आधी ओवाळा. निवेदन मागनं द्या.

स्नेहल : निवेदन नाय आणलं. ताट आणलंय.

बाजीराव : बोलू दे रे त्यांना. ताई, काय झालंय?

स्नेहल : आज नावच घेते त्याचं. आदेश. अवसरीच्या कॉलेजात इंजिनाचं शिकला, जहाजावर लागला. डिंभ्याच्या धरणापल्याड पाणी बघितलं नव्हतं त्यानं. तिकडच्या सरकारनं आख्खं जहाज धरलं, माणसांसकट. दिवाळीपासनं फोन नाय.

बाजीराव : हां, ते जहाज. माहिती आहे मला. पाठपुरावा चालू आहे. वरून आदेश आला की...

स्नेहल : आदेशच यायचाय, साहेब. तुमच्या वरनं नाय, तिकडनं.

पप्पू : वहिनी, साहेब दिल्लीवरनं आलेत, जरा दमानं.

स्नेहल : दिल्लीचे हायेत, ते आधी सांगायचं व्हतं की पप्पूभाऊ. तुमच्याच फ्लेक्सवर वाचलं, 'राज्यमंत्री'. म्हणलं, राज्याचा मंत्री तर मुंबईतच बसणार. सासऱ्यांना घेऊन मंत्रालयाच्या दारात खेटे घातले. शेवटी गेटवरचा पोलीस म्हणला, ताई, राज्यमंत्री म्हंजे राज्याचा नव्हं, धाकटा मंत्री. तुमचा दिल्लीत असतोय.

पप्पू : आमाला तरी कुठं ठाव व्हतं. घोडेगावच्या एसटीचं निवेदन आमी यांनाच धाडलं व्हतं.

बाजीराव : मिळालं ते, पप्पू. ताई, पोलीस खोटं नाही बोलला. मी धाकटाच. निर्णय वरचे घेतात. माझ्या वाट्याला विमानतळ, हारतुरे आणि पाहुण्यांशी हात मिळवणं.

स्नेहल : मीबी घरात धाकटीच सून. किल्ल्या सासूकडं. पण दारात आलेल्याला पाणी द्यायचं का, ते मी सासूला इचारत नाय. गेल्या महिन्यात तुमी त्याच देशात जेवायला बसला व्हता. फोटो मोबाइलवर आला माझ्या. तवा इचारलं का, आमची माणसं कुठं ठेवलीत?

बाजीराव : तिथं काय बोलायचं ते आधी ठरलेलं असतं. तो विषय त्यात नव्हता.

स्नेहल : मग कंचा व्हता?

बाजीराव : द्राक्षं. आपल्या जुन्नरची द्राक्षं तिकडं जावीत म्हणून.

स्नेहल : बरं केलंत. पेटीत द्राक्ष किती टिकतं, ते सांगितलं आसंल. कोंडलेला माणूस किती टिकतो, ते कुणी इचारायचं?

बाजीराव : माझ्या हातात काय नाय गं बाई. तिथं तोंड उघडलं आसतं, तर माघारी आल्यावर ही लाल दिव्याशिवायची गाडीबी ऱ्हायली नसती.

स्नेहल : आता बोललात आपल्या बोलीत. म्हंजे तोंड हाय. गाडीपायी गप ठेवलंय.

पप्पू : वहिनी, वात विझाय लागली. लोकं बघत्यात. सवाशिणीच्या हातनं ओवाळायचं म्हणून मी तुमचं नाव घातलं, माझी तरी अब्रू ठेवा.

स्नेहल : म्हणूनच आले मी. संक्रांतीला शेजारच्या धोंडाबाई हळदीकुंकू घेऊन माझ्याम्होरं आल्या. बोट कुंकवात बुडवलं, आन तसंच थांबलं. लावावं का नको, त्यांना कळंना. मलाबी कळंना. आज माझं मीच लावून आलेय. खरं का खोटं, ते तुमच्या फोनमधी हाय, साहेब. तिकडच्या वकिलातीला लावा. हितं, माझ्याम्होरं.

बाजीराव : ताई, असं सगळ्यांदेखत कसं लावणार?

स्नेहल : सगळ्यांदेखत ओवाळून घ्यायला आलाच की. मी ताट खाली ठेवणार नाय, वाटबी सोडणार नाय. तुमी फकस्त एवढं सांगा, मी सवाशीण हाय का नाय?