नारिंगी वेणी

टेक्ला: हसू नकोस पाकू. तू हसलीस की बाक हलतो, बाक हलला की स्की हलते, आणि स्की हलली की माझी वेणी ओढली जाते!

पाकू: मी हसत नाहीये गं, रडतेय! हसताना-रडताना माझा आवाज सारखाच येतो. आता काय करायचं? आपली रिले सुरू व्हायला आली, ही माझी स्की, आणि तिच्यावर तू!

टेक्ला: मी नाही, माझी वेणी. नीट बोल.

कोच सालो: पोरींनो, चला, नावं पुकारतायत. टेक्ला, अशी वाकून काय करतेयस? कंबर धरली का?

टेक्ला: नाही कोच. चिकटलेय.

कोच सालो: हं.

पाकू: मुका द्यायला गेली ती! शर्यतीआधी कप्तान सगळ्यांच्या स्कीच्या तळाला मुका देते ना, ती आपली पद्धत! मी म्हटलं, राहू दे यंदा. तर म्हणे, पाइक बेंड शाळेची शेवटची शर्यत आणि मुका नाही, असं कसं?

कोच सालो: आज बर्फ पाणी सोडतंय. म्हणून स्कीने बर्फ धरावं यासाठी रोजचं कडक मेण न लावता मी ट्यूबमधलं चिकट मेण, क्लिस्टर, लावलं. गोंदापेक्षा वाईट असतं ते. सकाळीच बजावलं होतं, तळाला हात लावू नका.

टेक्ला: हात कुठे लावला?

कोच सालो: ओठ लावलेस.

टेक्ला: ओठही नाही लागले. आधी ही नारिंगी रिबिनीची वेणीच पडली. तिचे उपकार माना, नाहीतर आत्ता मी तुमच्याशी बोलूच शकले नसते.

कोच सालो: हं. ते एक बरं झालं असतं.

टेक्ला: कोच!

पाकू: मी पीनट बटर लावून बघितलं. माझ्या सँडविचमधलं. केसातलं च्युइंगगम निघतं त्याने, माझी आजी काढते.

कोच सालो: मग?

पाकू: मग आता वेणीला पीनट बटरपण लागलंय.

टेक्ला: तुमच्याकडे ते क्लिस्टर काढायचं औषध असतं ना? निळ्या डब्यातलं?

कोच सालो: आहे ना. बसमध्ये.

टेक्ला: मग आणा की!

कोच सालो: बस डोनट आणायला गेलीय.

पाकू: संपलं! मी दुसऱ्या स्की घालते. नको, त्या गुळगुळीत आहेत, पहिल्याच चढावर उलटी घसरत जाईन ती थेट पार्किंगमध्ये. टेक्ला, तुझ्या घालू? नको, तुझ्या स्की केवढ्या लांब, मी तुझ्या खांद्याला पण लागत नाही. कोच, आपण उतरलोच नाही तर काय होईल?

कोच सालो: नावापुढे रेघ मारतील.

टेक्ला: म्हणजे शेवटचा नंबरसुद्धा नाही.

कोच सालो: नाही.

टेक्ला: कात्री आणा.

पाकू: ए, नाही हं! तुझी आई मला कच्ची खाईल! प्रॉमच्या नाचासाठी तिने फ्रिजवर फोटो लावलाय, ही वेणी अशी गोल फिरवून वर फुलं. मी स्वतः बघितलाय. मला विचारत होती, फुलं पांढरी बरी की पिवळी.

टेक्ला: तू काय सांगितलंस?

पाकू: पांढरी.

टेक्ला: पिवळी सांगायची ना गं! जाऊ दे. ऐक. नववीपासून मी या नारिंगी कपड्यांत पळतेय, आणि रिलेत दरवर्षी आम्ही शेवटून पहिल्या. पुढच्या वर्षी आपली शाळा लून पॉइंटच्या शाळेत मिसळणार, हे कपडे कपाटात जाणार, आणि मी तर तेव्हा शाळा संपवून गेलेली असणार. मला पदक नको. मला एकदाच, शर्यत चालू असताना मागे वळून बघायचंय आणि मागे कुणीतरी दिसायला हवंय. कुणीही चालेल. त्यासाठी केस गेले तर गेले. कोच, कापा.

कोच सालो: प्रथमोपचाराच्या पेटीत कात्री आहे. बोथट आहे.

टेक्ला: असू दे. आई गं! जरा हळू!

कोच सालो: बोथट आहे म्हटलं ना.

पाकू: मी डोळे मिटलेत. झालं का? झालं? अगं बाई... टेक्ला, डावीकडून तू छान दिसतेस.

टेक्ला: आणि उजवीकडून?

पाकू: डावीकडून खूपच छान दिसतेस.

टेक्ला: टोपी दे इकडे. आई बाहेर आपल्याला चेव द्यायला घंटा घेऊन उभी आहे, तिला शर्यत संपेपर्यंत कळता कामा नये.

पाकू: कोच, पण स्कीच्या पोटाला केस तसेच आहेत! दाढी आल्यासारखी दिसतेय! हे चालतं का?

कोच सालो: नियमांत केसांबद्दल काही नाही.

पाकू: तुम्ही वाचलेत नियम?

कोच सालो: नाही. चल, पळ.

(पाकू पहिल्या फेरीला गेली आहे; दुसरी फेरी टेक्लाची. टेक्ला आणि कोच बदलीच्या जागी, समोरच्या चढाकडे बघत उभे आहेत.)

टेक्ला: दिसली का? मला बघवत नाही. तुम्हीच सांगा.

कोच सालो: दिसली.

टेक्ला: कोच, जरा जास्त शब्द वापरा!

कोच सालो: चढाला लागली. पुढच्या पोरी घसरतायत. बर्फ पार ओलं झालंय, त्यांची मेणं धरत नाहीत. एक बसली. दुसरी तिच्यावर बसली.

टेक्ला: आणि आपली?

कोच सालो: चढतेय.

टेक्ला: खरंच? अय्या, बघा, बघा! शेळीसारखी चढतेय! मागे घसरतच नाही ती!

कोच सालो: केस धरतायत. पूर्वी लोक स्कीला खाली कातडं लावायचे, केसाळ. चढावर मागे जात नाही.

टेक्ला: म्हणजे माझी वेणी चढतेय? पाकू! चढ गं माझ्या वेणी! दोघींना मागे टाकलं! अजून एक! कोच, ती पाचवी आहे! आपण कधी पाचवे आलोय का कशात?

कोच सालो: आता उतार आहे.

टेक्ला: मग बरंच की. उतारावर काय, नुसतं उभं राहायचं.

कोच सालो: केस उतारावरपण धरतात.

टेक्ला: अरे देवा. थांबली का ती? उतारावर कोण थांबतं?

कोच सालो: थांबली नाही. चालत येतेय.

टेक्ला: सगळ्या पुढे गेल्या तिच्या! गेल्या गं बाई, सगळ्याच गेल्या!

कोच सालो: लून पॉइंटची ती चढावर पडलेली मागे आहे अजून. पण येतेय. तयार राहा.

पाकू: टेक्ला! हात! हात दे! पळ! माफ कर गं, पाय पुढेच जाईना! पळ पळ पळ!

कोच सालो: गेली. बस खाली, पाकू. पाणी पी.

पाकू: माझ्यामुळे जाणार ना? तिने केस कापले आणि मी उतारावरून चालत आले! आजीबरोबर दुकानात जावं तशी! कोच, लून पॉइंटची दुसरी पोरगी पण निघाली. ती उंच आहे हो. तिचे पाय बघा, माझ्या मानेपासून सुरू होतात. कुठे पोचल्या? मी नाही बघत.

कोच सालो: तुम्हा दोघींपैकी कुणीच कसं बघत नाही?

पाकू: सांगा ना!

कोच सालो: शेवटचं वळण. टेक्ला पुढे. लून पॉइंटची जवळ येतेय. टेक्ला... काय करतेय ही?

पाकू: पडली?

कोच सालो: मागे वळून बघतेय. आणि हात हलवतेय.

पाकू: कुणाला?

कोच सालो: लून पॉइंटच्या पोरीला. ती पण हलवतेय. अगं, काठ्या मार, काठ्या!

पाकू: कोच, तुम्ही ओरडलात!

कोच सालो: नाही.

पाकू: आली! आली! टेक्लाचा पाय आधी! टेक्ला, इकडे! आडवी नको पडूस, सांग आधी, कितव्या?

टेक्ला: शेवटून दुसऱ्या! पाकू, मी मागे बघितलं आणि ती होती! खरीखुरी! लाल नाकाची! मला इतका आनंद झाला, मी तिला हात केला.

पाकू: आणि तिने?

टेक्ला: तिनेपण केला. चांगली आहे गं. पुढच्या वर्षी तुझ्याच संघात असेल ती, ओळख करून घे.

कोच सालो: फार छान झालं, पोरींनो.

पाकू: कोच, तुम्हाला बरं वाटतंय ना? तुम्ही तर नेहमी नुसतं ‘वाईट नाही’ एवढंच म्हणता.

कोच सालो: तुझी आई येतेय, टेक्ला. मी डोनट बघून येतो.

टेक्ला: पळपुटे! पाकू, माझी टोपी सरळ आहे ना?

पाकू: सरळ आहे. टेक्ला, पुढच्या वर्षी लून पॉइंटला ते निळे कपडे असतील. तिकडे स्कीला मुका कोण देणार?

टेक्ला: तू दे.

पाकू: हसतील मला.

टेक्ला: हसू देत. आधी वेणी टोपीत घाल.