एक कप म्हणजे किती?

नाही, पण तुम्हीच सांगा, एक कप म्हणजे किती? सांगा ना! कुठला कप? कुणाचा कप? काठोकाठ की बोटभर कमी? कुणी म्हणून सांगत नाही, आणि मी विचारलं की मीच किरकिरा! अहो, छत्तीस वर्षं मी वजनंमापं तपासली, दुकानोदुकानी जाऊन तराजू उलटेपालटे केले, मापाच्या बुडाला पोचा दिसला की जागच्या जागी जप्त, मला लांबून बघूनच दुकानदार घाम पुसायचे... आणि आता निवृत्त झाल्यावर माझ्याच घरात, माझ्याच ओट्यापाशी, माझ्या हातात चिठ्ठी, आणि त्यात काय, तर ओट्स तीन कप, साखर दोन कप, खोबऱ्याचा कीस एक कप, दूध अर्धा कप, लोणी अर्धा कप, कोको चार चमचे. चमचे! चमच्यांचं मी आज काढतच नाही, नाहीतर तुम्ही घरी जाणार नाही आणि मीही.

तर झालं काय, तुम्हाला सांगतो, आमची ही पडली. बाथरूममध्ये पाय घसरला, घोट्याचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. मुलगा-सून दिवसभर कामावर, घरात उरलो मी आणि सात वर्षांची नात. आता या नातीच्या वर्गात दर शुक्रवारी एका मुलाने सगळ्यांसाठी खाऊ न्यायचा, तोसुद्धा घरी केलेला, विकतचा चालायचा नाही, अशी त्यांच्या बाईंची शिस्त. आणि नेमकी नातीची पाळी! सून म्हणाली, "बाबा, मी बाईंना कळवते, आजीला बरं नाही, पुढच्या महिन्यात नेऊ." झालं, विषय मिटला असता! पण पोरीचं तोंड एवढंसं झालं. आणि वर आतल्या खोलीतून, पाय उशीवर ठेवून, आमची ही म्हणते कशी, "मग करणार कोण? तिचे आजोबा? त्यांना पाणी तापवायला सांगितलं तर ते पातेलं तापवतात."

एकदा झालं होतं तसं! एकदा! पाणी घालायचं राहिलं होतं. त्याला आता अकरा वर्षं झाली!

नाकाला मिरच्या झोंबल्या हो माझ्या. म्हटलं, "मीच करणार!" पोरगी टुणकन उडाली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत चोवीसच्या चोवीस मुलांना सांगून आली, उद्या माझे आजोबा चॉकलेटच्या कुकीज करून देणार. आता आली का पंचाईत? पण मी म्हटलं, घाबरायचं काय! चिठ्ठी आमच्या हिच्याच हातची होती. दूध, साखर, लोणी, कोको उकळायचं, एक मिनिट, बस्स, मग ओट्स आणि खोबरं ढवळायचं, चमच्याने कागदावर गोळे घालायचे, गार झाले की आपोआप घट्ट. ओव्हन नाही, तवा नाही. अहो, यात भाजायचं काहीच नाही, मग बिघडणार काय?

गुरुवारी दुपारी उभा राहिलो. पहिला प्रश्न, कप. आमच्या घरात सात कप, सातही जण सात तऱ्हांचे. एक कान तुटलेला, एक पाहुण्यांचा, एक सुनेचा बादलीएवढा, एक मला ऑफिसने निरोपाला दिलेला, त्यावर माझंच नाव चुकीचं छापलेलं. मी माझं खुणांचं काचेचं माप काढलं आणि एकेक कप पाण्याने भरून मोजला. एकशे चाळीस! एकशे पासष्ट! दोनशे दहा! तीनशे! एका ओट्यावर एवढा अंधेर! माझ्या नोकरीत असं दुकान सापडलं असतं तर मी कुलूप ठोकलं असतं.

आतून आवाज, "अहो, कुठलाही एक घ्या आणि सगळ्याला तोच वापरा."

"असं कसं? कुठलाही म्हणजे?"

"अंदाजाने करायचं असतं हो..."

अंदाज! हा शब्द माझ्यापुढे काढायचा नाही. अंदाजाने मापं झाली असती तर मला पगार कशाला दिला असता? मी सातही कपांची सरासरी काढली, कागदावर, दशांशापर्यंत. नात स्टुलावर बसून पाय हलवत होती. "आजोबा, कुकीज कधी करायच्या?" म्हटलं, "बाळा, आधी माप, मग माल." आणि मनात म्हटलं, यात भाजायचं काहीच नाही, मग बिघडणार काय?

पातेलं चढवलं. चिठ्ठीत लिहिलेलं, 'उकळी फुटल्यावर एक मिनिट.' माझं स्टॉपवॉच नातीच्या हातात दिलं. मी टक लावून बघतोय... आणि कडेला आला की हो बुडबुडा! "दाब!" म्हटलं. पोरीने दाबलं.

"अहो, अजून उकळी नाही आली!" पुन्हा आतून!

"तुला तिथून काय दिसतं?"

"दिसायला कशाला हवं? आवाज येतो ना. हा उकळीचा आवाज नव्हे."

आता सांगा, पलंगावर पडल्या पडल्या, भिंतीपलीकडून, मला, मला! उकळी शिकवायची? पण माझा एक नियम आहे, पेटत्या गॅसपासून हलायचं नाही. म्हणून गॅस बंद केला आणि गेलो दारात भांडायला. "एक बुडबुडा आला म्हणजे उकळी आली, त्यात अर्धी-पाऊण नसते!" "पातेलंभर नाचलं पाहिजे!" "नाचलं पाहिजे हे कुठे लिहिलंय? चिठ्ठीत दाखव!" भांडण चांगलं रंगात आलं होतं हो, इतक्यात नात ओरडली, "आजोबा, मिनिट झालं!" धावत गेलो, ओट्स घातले, खोबरं घातलं, ढवळलं, कागदावर चोवीस गोळे घातले. वाटच बघत बसलो.

चार वाजले. पाच वाजले. फ्रिजमध्ये ठेवले. सहा वाजले. गोळे कुठले, चोवीस थारोळी! बोट लावलं की बोट आत. सून हळूच म्हणाली, "बाबा, मी दुकानातून आणते, आपल्या डब्यात भरून देऊ, कुणाला कळतंय?"

मला कळतंय ना! दुसऱ्याच्या मालाला आपला शिक्का? माझ्या घरात? अजिबात नाही! नात माझ्याकडे बघत होती, डोळे भरलेले. पण माघार नाही! कागदाचे चोवीस छोटे पेले आणले, प्रत्येकात मोजून चाळीस ग्रॅम, ना कमी ना जास्त, वर एकेक चमचा खोचला. म्हटलं, "सांग वर्गात, या अशाच असतात. आजोबांच्या कुकीज चमच्याने खायच्या."

आणि काय सांगू! पोरांनी पेले चाटूनपुसून साफ केले! दोघांनी कागदसुद्धा चावला! बाईंची चिठ्ठी आली, शाळेच्या शेवटच्या दिवशी पुन्हा याच कुकीज हव्यात, अगदी अशाच, आणि कृती लिहून द्यावी. मी ती चिठ्ठी हिच्या उशाशी नेऊन ठेवली. मुद्दाम, चष्म्यावरच.

शेवटचा दिवस आला. तोवर हिचं प्लास्टर निघालेलं, काठी टेकत स्वयंपाकघरात येऊन शेजारी उभी. मीही जय्यत. तीच सरासरी, तेच पातेलं, तेच स्टॉपवॉच, तोच कडेचा पहिला बुडबुडा. दाब! पूर्ण एक मिनिट. यात भाजायचं काहीच नाही, मग बिघडणार काय?

अर्ध्या तासात चोवीसच्या चोवीस घट्ट! गोल! देखण्या! मी छाती काढून उभा. नातीने एक उचलली, मोडली, कट् आवाज आला... आणि तिचा चेहराच पडला.

"आजोबा, बिघडल्या."

मी कागद काढला, पुन्हा सगळी मापं तपासली. एक थेंब इकडचा तिकडे नाही! तेव्हा ही म्हणाली, शांतपणे, काठीवर हात ठेवून, "त्या दिवशी गॅस बंद करून तुम्ही माझ्याशी भांडायला आला होतात. घड्याळ चालूच होतं. उकळलं कुठे मिनिटभर? मिनिटभर आपण भांडलो."

छत्तीस वर्षं हो! छत्तीस वर्षं लोकांची मापं पकडली, आणि माझंच मिनिट खोटं!

पण चोवीस पोरं वाट बघत होती, शब्द दिलेला होता. पातेलं घासलं, पुन्हा चढवलं. पहिला बुडबुडा आला, मी गॅस बंद केला आणि हिला म्हटलं, "जा, आत जाऊन पड, आणि मला काहीतरी बोल."

दारातून वळून विचारते कशी, "किती बोलू? तुमच्या सरासरीने?"

काय करता... म्हटलं, "बोल तुझ्या अंदाजाने."