अर्धी उरलेली बाटली

शिवणकाम करणाऱ्या बाई औषधांच्या दुकानात रांगेला उभ्या होत्या. त्यांच्या पुढच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली काउंटरवर ठेवली. पलीकडे दुकानातली मुलगी होती.

"उघडलेली बाटली परत घेता येत नाही, काका."

"परत नाही करायची. हे काम कसं करतं, तेवढं सांगा."

"यात कोडीन असतं, अफूच्या जातीचं. मेंदूत जिथून खोकल्याची उबळ सुटते ना, ती जागा ते शांत करतं."

"फक्त तीच?"

"नाही. श्वासही मंदावू शकतो. म्हणून दिलंय तेवढंच घ्यायचं. सोबत झोपेची गोळी नाही, दारू नाही. काकूंचा खोकला थांबला का?"

"थांबला. तीन आठवडे झोप नव्हती तिला. मंगळवारी दुपारी हे दिलं आणि वर तिची नेहमीची झोपेची गोळी दिली. म्हटलं, लागला एकदाचा डोळा. आवाज नको म्हणून दार लोटून बाहेर बसलो."

"काका..."

"संध्याकाळी चहा घेऊन आत गेलो."

बाईंनी कोपऱ्यातलं स्टूल ओढून त्यांच्यामागे ठेवलं. ते बसले नाहीत.

"मी गोळीचं सांगितलं होतं ना, काका?"

"सांगत होतीस, पोरी. मागे रांग मोठी होती. मी नुसतं हो हो म्हटलं."

"ही बाटली माझ्याकडे राहू द्या. घरी कोण आहे तुमच्या?"

"तीच होती."