पुलापलीकडच्यांनी घरीच थांबावं

नाही, तिथे नको, त्या खुर्चीचा पाय हलतो — इथे बसा, खिडकीपाशी. आणि तो फोन आधी खाली ठेवा, वकीलबाई. मला ऐकवायची काही गरज नाही, पाठ आहे मला ते. 'पुलापलीकडच्या मतदारांना कळविण्यात येते की, यंत्रांत बिघाड झाल्यामुळे उद्याचं मतदान पुढे ढकललं आहे. नवी तारीख कळेपर्यंत सर्वांनी घरीच थांबावं.' आलं ना बरोबर? मग झालं तर. तुमच्या पडलेल्या उमेदवाराच्या खटल्यासाठी तुम्हाला माझ्याकडून एवढंच हवंय ना, की हा आवाज माझ्या नवऱ्याचा नाही, कुणीतरी मशीनवर बनवलाय — देते की लिहून. देणारच आहे. माणूस जाऊन दोन वर्षं झाली, तो कशाला येतोय मतदानाची दवंडी द्यायला.

तुम्ही बाहेरच्या, म्हणून तुम्हाला नवल वाटतं. मेलेल्या माणसाच्या आवाजावर अख्खी वस्ती विश्वास ठेवते कशी — असंच ना? अहो, आमच्याकडे ते मेलेच कुठे? नगरपालिकेच्या पाणीखात्यात होते, गाडीवर भोंगा लावून फिरायचे. उद्या पाणी येणार नाही, गढूळ येईल, उकळून प्या — सगळं त्यांच्याच आवाजात भरून ठेवलेलं. हे गेले, पण नवीन कोण बोलून भरणार? ऑफिसातल्यांना कंटाळा. तीच वाजवतात अजून. सुरुवातीला गाडी गल्लीत शिरली की शेजारणी माझ्याकडे बघायच्या, एक तर येऊन खिडकी लावून घ्यायची — मग त्याही सरावल्या. मीही सरावले. एकदा गाडीतून म्हणाले, पाणी भरून ठेवा, आणि मी स्वयंपाकघरातून 'भरते' म्हणून मोकळी. बघा आता. दोन वर्षं जो माणूस मेल्यावरही पाण्याचं खरं सांगतोय, तो मतदानाचं खोटं कशाला सांगेल? मतदानाच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांच्या फोनवर तोच आवाज आला, आणि लोकांनी ऐकला. गाढव नाहीत हो आमचे लोक. सवय होती, एवढंच.

आणि माणूस कसा होता सांगू? साहेबाची सही असलेला कागद हातात पडल्याशिवाय तोंड उघडायचे नाहीत. पाणीखात्यात लागायच्या आधी निवडणुकीत प्रचाराच्या गाडीवर बोलायला न्यायचे त्यांना — पण प्रचाराची वेळ संपली की माईक गुंडाळून पिशवीत. एकदा एका उमेदवाराने गाडीतच पाय धरले, फक्त शेवटच्या चौकात एकदा नाव घ्या म्हणून. हे म्हणाले, कायद्याने आता गप्प बसायचंय, मला आणि तुम्हालाही. लोकांना एक दिवस शांतपणे विचार करू द्या. घरी आल्यावर तो राग माझ्यावर काढला, भाजीत मीठ कमी म्हणून. असा माणूस. त्याच्या तोंडी हे घालावं कुणी? मला चीड येते. झोप लागत नाही मला.

मी? माझं मत? — तुम्ही विचारणार, माहीत होतं. नाही गेले. मीही नाही गेले. शाळा इथून दिसते बघा, ते पिवळं छप्पर. सकाळी दार उघडं होतं, टेबलं मांडलेली, कर्मचारी बसलेले, रांगच नाही. बिघाड वगैरे काही नाही, दिसत होतं की मला. आवाज त्यांचा नाही हेही कळत होतं — म्हणजे कळायला हवं होतं. चपला घातल्या, दारापर्यंत गेले, आणि परत येऊन इथे बसले. हेच म्हणत होते ना, घरी थांब. मग थांबले. दुपारी आजूबाजूच्यांना कळलं तेव्हा पळापळ झाली, पण तोवर कामावर गेलेली माणसं कुठून परतणार? तुमचा उमेदवार किती थोडक्यात पडला. त्याची सगळी मतं तर इकडचीच होती.

आता हे आधी सांगितलं नाही तुम्हाला, पण त्या आवाजात शेवटी आणखी एक आहे. 'घरीच थांबावं' झालं की तो थोडा थांबतो, आणि हळूच म्हणतो — 'बरं का.' लोकांच्या लक्षातही येत नाही. भोंग्यावर हे जन्मात कधी 'बरं का' म्हणाले नाहीत. तिथे सगळं 'कळविण्यात येते'. बरं का माझ्यासाठी होतं. बहिणीच्या ऑपरेशनला मी जाऊन राहिले होते ना, तेव्हा रोज फोनवर बोलून पाठवायचे — जेवलो बरं का, गोळी घेतली बरं का, तू दमू नकोस बरं का. तोंड अगदी फोनला चिकटवून. म्हणून तर ऐकल्याबरोबर अंगावर काटा आला माझ्या. पाण्याच्या घोषणांतून मशीनला हे कुठून मिळणार? ते माझ्याच फोनमधून उचललेलं आहे, दुसऱ्या कुणाकडे ते नव्हतंच —

काय? नाही, फोन माझ्याच जवळ असतो. उशाशी असतो. मध्ये फक्त मुलाने नेला होता. आई, बाबांचं बोलणं चुकून पुसलं गेलं तर काय करशील, दे, मी नीट जपून ठेवतो म्हणाला. चांगलं केलं की. मलाच हवं होतं. त्याचं काम? कॉम्प्युटरवरचंच काहीतरी, लोकांचं फोनवर काय काय टाकायचं ते बघतो — हो, नव्या नगराध्यक्षांचंही बघायचा प्रचारात, पण तो एकटा थोडाच होता, दहा जण होते तिथे. काल आला होता जेवायला. जेवला नाही धड. मी म्हटलं, बाबांचं ते बोलणं मला परत दे ना ऐकायला, तर म्हणाला —

तुम्ही लिहिताय का हे? लिहू नका. खोडा ते. वकीलबाई, मी सांगते ते खोडा.

नवीन पान घ्या. घ्या. लिहा आता: आवाज माझ्या नवऱ्याचाच आहे. मशीन-बिशीन काही नाही, बायकोला कळत नाही का? कुठल्यातरी जुन्या निवडणुकीत बोलून ठेवलं असेल, यंत्रं तेव्हाही बिघडतात. सहीचा कागद न बघताच बोलले असतील. हो, हेच बोलले. चूक झाली त्यांची. कुणीतरी जुनंच पाठवलं पुढे. असं का बघताय माझ्याकडे? ते काही येत नाहीत आता भांडायला. त्यांना आता कुणी तुरुंगात घालणार नाही.

कुठे करायची सही? नको असेल तर राहू द्या. उठा मग. जाताना दार ओढून घ्या, पाण्याची गाडी यायची वेळ झाली.