ओवीचा भरलेला डबा

तुम्हाला सांगते, चार दिवस ओवीचा डबा बालवाडीतून भरलेलाच परत येत होता आणि माझी झोप उडाली होती. मी लातूरला समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला. फील्डवर्कला वस्तीत जाऊन लोकांच्या लेकरांच्या खाण्यापिण्याची चौकशी करणार, आणि माझीच पोरगी उपाशी! शेवटी रविवारी ठरवलं, कॉलेजात शिकवलं तसंच विचारायचं. तिच्यासमोर खाली बसायचं, रागवायचं नाही, 'का' म्हणायचं नाही, तिचं बोलणं तिलाच परत ऐकवायचं.

"तुला डबा आवडत नाही, असं वाटतंय."

"आवडतो की."

"म्हणजे, तुला डबा आवडतो."

"आई, मी बोलले तेच तू कामून बोलायलीस?"

शेंगा फोडत बसलेल्या सासूबाईंना राहवेना. "अगं, सरळ इचार की लेकराला, डबा कामून खात न्हाईस म्हणून!"

मी मुकाट्यानं विचारलं.

"तू कॉलेजातून आली की उभ्याउभ्याच माझ्या डब्यातलं उरलेलं खातीस," ओवी म्हणाली. "तेवढं तुला पुरत न्हाई ना. म्हणून मी सगळंच ठेवते."

हे उत्तर काही आमच्या पुस्तकात नव्हतं. डोळे भरून आलेले दिसू नयेत म्हणून कुणाचं लेकरू उपाशी राहतं ते लिहायची फील्डवर्कची वही मी उगाच पुढे ओढली. ओवीनं घाईघाईनं माझा पेन धरला.

"हे लिहू नको हं, आई. तुझ्या मॅडम तुला नापास करतील."