शेजारणीचा हात

लेहच्या दवाखान्यात दोघीजणी डोळ्यांत थेंब घालून, डोळे मिटून बाकावर बसल्या होत्या. सलोमी बाकाच्या टोकाला टेकली आणि लगेच तिनं आवाज ओळखला. मार्था बोलत होती.

“रविवार आला की गं, चोंडोल.”

“येऊ दे. जर्दाळू वाळले, हिवाळ्याचा चारा छपरावर रचून झाला. तुझा जीव कशाला टांगणीला, आचे?” चोंडोलनं लडाखीत ‘ताई’ म्हणत विचारलं.

“चर्चमध्ये प्रभुभोजन आहे.”

“मग जेव की!”

“त्याआधी शेजारणीचा हात हातात घ्यायचा असतो. मनात अढी ठेवून चालत नाही. आमची मंडळी मूठभर, बायकांचा बाक एकच. सलोमीला चुकवून बसू कुठे?”

“उन्हाळ्यात तिच्या शेताच्या पाळीचं पाणी आपल्या सातूला वळवलंस, तेव्हा नाही भ्यालीस!”

सलोमीनं दोन्ही हात बाह्यांत ओढून घेतले.

“चुकले म्हणायला गेले होते तिच्याकडे. दारातूनच परतले.”

“आणि आता?”

“मी हात पुढे केला आणि तिनं घेतलाच नाही तर? सगळ्यांदेखत?”

“हातमोजा घाल. कुणाचा हात ते कळायचंच नाही.”

“थट्टा सुचतेय तुला!”

“मार्था कोण? आत या,” नर्सनं हाक मारली.

मार्था चाचपडत उठली. “चोंडोल, हात दे गं.”

“मलाच कुठं दिसतंय?”

सलोमी क्षणभर बसून राहिली. मग उठून तिनं मार्थाचा हात धरला आणि तिला दारापर्यंत नेलं.

“कोण गं बाई तू?”

“उंबरा आहे. जपून.”

तो आवाज ऐकून मार्था उंबऱ्यापाशी थबकली. नर्सनं पुन्हा हाक मारली, तरी तिनं हात सोडला नाही.